हेक्टरला दिलेले उत्तर

मी, लॉकलन डोनाल्ड मॅकास्किल, वय एकाहत्तर, अविवाहित, धंदा मासेमारी (आता बंद), राहणार ग्रे कोव्ह, केप ब्रेटन बेट, नोव्हा स्कोशिया, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांनी परवा माझ्याकडे पाहून सांगितले. फुप्फुसांविषयी मात्र खिडकीबाहेर पाहत सांगितले.

१. माझे राहते घर, मागची शेड व किनाऱ्यापर्यंतची जमीन माझी धाकटी बहीण एफी मॅकफेल हिला तिच्या हयातीपर्यंत, व तिच्यामागे तिची मुलगी मार्सली हिला मालकी हक्काने मिळावी. स्वयंपाकघरातली चूल डाव्या बाजूने धूर सोडते. दोनदा दुरुस्त केली, स्वभाव गेला नाही.

२. लॉब्स्टरचे सापळे, दोर व बोये शेजारी रॉडी बीटन याला द्यावेत. बोट कोणालाही देऊ नये. किनाऱ्यावर ओढून ठेवली आहे, तिथेच कुजू द्यावी.

३. चर्चच्या पंचांपैकी डंकन गिलिस यांना माझ्या शवपेटीला खांदा देऊ देऊ नये. माझा मेहुणा, एफीचा नवरा हेक्टर, बुडाला. त्याच्या प्रार्थनासभेनंतर चहा घेताना हे गृहस्थ म्हणाले, "प्यायलेला माणूस बोटीत काय उभा राहणार?" हेक्टरने त्या दिवशी चहाशिवाय काही घेतले नव्हते. मी त्याच्याबरोबर होतो. गिलिस यांना मी माफ केले आहे, पण खांदा नको.

४. कपाटात दोन बायबल आहेत. आईचे, गेलिक भाषेतले, एफीला. ती भाषा मला बोलता येते, वाचता येत नाही. पहिल्या पानावरच्या जन्ममृत्यूच्या नोंदींपलीकडे मी त्यात कधी गेलो नाही. दुसरे, काळ्या पुठ्ठ्याचे, मार्सलीला. ते कशासाठी, हे लिहून ठेवणे भाग आहे.

सन १९६४, मे महिना, सापळे टाकायचा पहिला दिवस. मी आणि हेक्टर दोघेच. बोटीवर सापळे जास्त चढवले होते; चढवणारा मीच. खडकाच्या टोकाला वळसा घालताना लाट आडवी आली आणि बोट पालथी झाली. तळाला धरून आम्ही पाण्यात लोंबकळत होतो. आठवड्यापूर्वीपर्यंत त्या पाण्यावर बर्फ होता. त्याचे मनगट मी पकडून ठेवले होते.

काही वेळाने त्याने विचारले, "लॉकी, तू दर रविवारी चर्चला जातोस. मेल्यावर काय होतं रे?"

मी जात असे हे खरे. शेगडीजवळ बसत असे आणि प्रवचन सुरू झाले की डुलक्या घेत असे. पण तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. म्हणून म्हणालो, "पुस्तकात लिहिलंय. समुद्र कुणालाच ठेवून घेत नाही, सगळ्यांना परत देतो. आणि तिकडे कुणी काही विचारत नाही. नुसती ऊब असते."

"खरंच लिहिलंय?"

"मी वाचलंय."

"मग बरं," तो म्हणाला. आणि दुसऱ्या हाताने माझी बोटे आपल्या मनगटावरून एकेक करून सोडवली.

रॉडी बीटनची बोट वीस मिनिटांनी आली. हेक्टर सापडला नाही, आजवर नाही. मला त्याची भीती घालवायची होती. माणूस भीतीनेच धरून राहतो, हे तेव्हा सुचले नाही.

तो शेवटी काय बोलला, असे एफीने विचारले. वेळच मिळाला नाही, असे मी सांगितले.

पुढच्या हिवाळ्यात चर्चमधल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीतून हे बायबल आणले. मला देवाची ओढ लागली असे कोणी समजू नये. मी सांगितले ते आत आहे की नाही, एवढेच पाहायचे होते. वंशावळी आल्या, बळींचे नियम आले, दोनदा पुस्तक मिटून ठेवले. पण पाण्याकडे नजर गेली की तो प्रश्न पुन्हा उभा राही. चार हिवाळे लागले. अगदी शेवटाकडे सापडले: समुद्र आपल्यातले मेलेले परत देतो. मी कोट न घालताच एफीकडे निघालो, आणि दारातून परतलो, कारण पुढची ओळ वाचायची राहिली होती. तिथे प्रत्येकाचा न्याय होतो, ज्याच्या त्याच्या कृत्यांप्रमाणे. म्हणजे विचारतात. उबेविषयी काही नाही.

त्यानंतर मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचले. या वेळी हेक्टरसाठी नव्हे. मला काय विचारतील ते पाहण्यासाठी.

गेल्या नोव्हेंबरात फुप्फुसांचे कळले, तेव्हा एफीकडे जाऊन सगळे सांगितले. काचबिंदूने तिची दृष्टी गेली आहे. ती चाचपत बटाटे सोलत होती. हात थांबले नाहीत. सोललेला बटाटा पाण्यात टाकून म्हणाली, "तेवीस वर्षं माझ्या टेबलावर जेवलास." मी उठून आलो. तीन आठवड्यांनी मार्सलीबरोबर निरोप आला, पुस्तक घेऊन ये.

"पहिल्यापासून वाच," एफी म्हणाली. "आणि जे नाही ते घालू नकोस."

५. तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी तिला वाचून दाखवतो. आता आम्ही अशा ठिकाणी आलो आहोत की ज्याची मुले, गुरे, सगळे गेले, तो माणूस राखेत बसून देवाला जाब विचारतो आहे, आणि मित्र त्याला उपदेश करत आहेत. "हे सगळे गिलिसच की," एफी म्हणाली. मग तिने विचारले, देव काय म्हणतो? पुढे आहे, एवढेच मी म्हणालो.

तिथवर पोहोचणे माझ्याने होईलसे वाटत नाही. माझ्यामागे मार्सलीने पानांत ठेवलेल्या खुणेपासून पुढे आईला वाचून दाखवावे. काही गाळू नये, समजावून सांगू नये. देव शेवटी बोलतो, पण त्या माणसाने विचारलेल्याचे उत्तर देत नाही. हे एफीला अजून माहीत नाही. ते पान येईल त्या दिवशी मार्सलीने दुसरे काम ठेवू नये.

ग्रे कोव्ह, दिनांक १२ मार्च १९८८
(सही) लॉकलन डी. मॅकास्किल

वरील मजकूर लॉकलन यांनी आम्हा दोघांसमोर स्वतः मोठ्याने वाचला, मध्ये तीनदा थांबले, व आमच्यादेखत सही केली. यातून आम्हाला काही मिळायचे नाही.

साक्षीदार:
१. (सही) कॅथरीन दूसे, पोस्टमास्तर
२. (सही) अ‍ॅलन मॅकरे, शिक्षक