सुट्ट्याला आणि पोत्याला एकच भाव

प्रिय बाबूजी,

जय जिनेंद्र. मायना लिहितानाच अडखळले. शाळेत शिकवलं होतं की वडिलांना 'तीर्थरूप' लिहायचं आणि शेवटी 'आपली आज्ञाधारक'. आज शेवट तसा करता येणार नाही, म्हणून सुरुवातही तशी केली नाही. एवढ्यावरूनच पुढे काय आहे ते तुम्ही ओळखलं असेल. तरी वाचा. चष्मा गल्ल्यात डाव्या हाताला आहे. मध्येच गिऱ्हाईक आलं तर सेवादास बघेल. इतकी वर्षं पोती उचलून त्याला आता सगळे भाव पाठ झाले आहेत. तुम्ही एक कागद निवांत वाचलात म्हणून बाजार बुडणार नाही.

परवा घरातून निघाले ती सरळ सोजरबाईकडे आले. आपल्या दुकानासमोर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसते तीच. बसस्टँडमागे तिची एक खोली आहे, पत्र्याची, आणि तिच्यात आम्ही दोघी, तिची सून आणि प्रचाराचे फलक असे सगळे दाटीवाटीनं राहतो. काळजी करू नका, सूर्य मावळायच्या आत जेवते. सोजरबाईच उन्हं उतरली की मला सभेतून ओढून आणते आणि लोकांना बजावते, "थांबा जरा, आमच्या दिदीले अंधारात जेवता येत नाही." काल एका गल्लीत पन्नास माणसं माझं ताट रिकामं व्हायची वाट बघत उभी होती. आणि आईला सांगा, डबा कोण पाठवतं ते मला कळत नाही असं तिला वाटत असेल तर तसंच वाटू दे. कांदा-लसणाशिवाय शेंगदाण्याची एवढी चविष्ट चटणी या अख्ख्या भागात एकाच घरात होते, आणि सेवादासला खोटं बोलताना हसू आवरत नाही.

प्रचार कसा चाललाय ते तुमच्या कानावर येतच असेल. दुकानात बसलं की गाव आपोआप आत येतं. नगराध्यक्षपद यंदा बाईसाठी सुटलं म्हणून जगदेवभाऊंनी वैजयंती वहिनींना उभं केलं. वहिनींच्या बॅनरवर वहिनींपेक्षा भाऊंचा फोटो मोठा आहे, ते तुम्हीही पाहिलं असेल. त्यांच्याकडे सहा गाड्या, माझ्याकडे मुन्नाचा ऑटो आणि त्यावर एक भोंगा, तोही खड्ड्यात गेला की बंद पडतो. मग मी खाली उतरून तशीच ओरडते. तुम्ही म्हणायचात ना, या पोरीचा आवाज दुकानातून मोंढ्यापर्यंत जातो? जातो, बाबूजी.

मी काय मागते आहे? नळ आठवड्यातून एकदा येतो तो दिवसाआड यावा, म्हणजे टँकर विकत घ्यावा लागणार नाही. भाजी घेऊन जमिनीवर बसणाऱ्या बायांकडून बाजार वसुली घेऊ नये. मेडशीसारख्या खेड्यांतून, आणखी कुठून कुठून पोरी शिकायला येतात आणि दर जूनला खोलीचं भाडं वाढलं की त्यातली एखादी बॅग भरून घरी जाते. त्यांच्यासाठी गावाच्या मोकळ्या जागेवर खोल्या बांधाव्यात. बसस्टँडजवळ हमालाला, विद्यार्थ्याला परवडेल असं जेवण मिळावं. यात आभाळ फाटण्यासारखं काय आहे? पण टँकर भाऊंचे, वसुलीचा ठेका भाऊंचा, खोल्याही भाऊंच्या. म्हणून ते सांगत फिरतात की शेठची पोरगी गाव फुकट वाटायला निघाली. फुकट नाही, स्वस्त. या दोन्हींतला फरक दुकानदाराच्या मुलीला कोणी शिकवू नये. परवा वसुलीवाल्यानं सोजरबाईला ऊन लागतं म्हणून सावलीत सरकल्याबद्दल दुसऱ्यांदा पैसे मागितले. ती उठून उभी राहिली. म्हणाली, "पाणी इकत घ्याचं, खोली इकत घ्याची, आता सावलीबी इकत घ्याची? मंग मी इकू काय, माती?" त्या दिवशी मी भाषण केलंच नाही. तिला म्हटलं, भोंगा घे, तूच बोल.

हे खूळ माझ्या डोक्यात कुणी भरवलं असं तुम्ही आईला विचारलंत म्हणे. पुस्तकांनी? पुण्याच्या कॉलेजानं? नाही. तुम्ही भरवलंत. मी लहान होते, गल्ल्याशेजारी स्टुलावर बसून पुड्यांना दोरा बांधायचे. तेव्हा तुम्हाला विचारलं होतं की तेलाचा अख्खा डबा नेणाऱ्याला तेल स्वस्त आणि वाटीभर नेणाऱ्याला महाग, असं उलटं काहून? तुम्ही वजन करता करता म्हणालात, "बेटा, ज्याच्यापाशी पैसा हाय त्यालेच सारं स्वस्त भेटते." आणि एवढं बोलून थांबला नाहीत. त्याच आठवड्यात तुम्ही दुकानात पाटी लावलीत, सुट्ट्याला आणि पोत्याला एकच भाव. पाव किलो साखर नेणारी बाई आणि पोतं उचलणारा हलवाई, दोघांना किलोचा दर एकच. सगळा बाजार तुम्हाला हसला. पुड्या बांधायला हात लागतात, पोत्यातून गळतं, उंदीर खातो, हे धंद्याला बसतच नाही असं सांगायला लोक घरी आले. तुम्ही चहा पाजलात आणि पाटी काढली नाहीत. आज ती पाटी धुरकट झाली आहे, पण आहे. तुमच्या पाटीवर मी फक्त गावाचं नाव लिहायला निघाले आहे. मग मी खुळी आणि तुम्ही शहाणे, हे कसं?

आता जे बोलायचं टाळत होते त्याकडे येते. आठ दिवसांपूर्वी सोयाबीनच्या गर्दीत, आडतीवर, चार व्यापाऱ्यांसमोर तुम्ही जगदेवभाऊंना जबान दिलीत की पोरगी उमेदवारी मागे घेईल. मला कुणी सांगितलं माहीत आहे? मुन्नानं. ऑटो बाजूला लावला, खाली बघत म्हणाला, "दिदी, भोंगा उतरून ठेवू काय? शेठजीनं जबान देल्ली म्हणते सारं गाव." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. संतापही आला, खूप आला, अजूनही आहे. मला सात-आठ स्थळं आली. प्रत्येक वेळी तुम्ही पाहुण्यांना बैठकीत बसवून आत यायचात आणि विचारायचात, बेटा, काय सांगू त्यांना? मी नाही म्हटलं की बाहेर जाऊन हात जोडून नाही सांगायचात. कितीतरी नातलग दुखावलेत तुम्ही माझ्या एका 'नाही'साठी. त्या बाबूजींनी यावेळी आत येऊन विचारलं का नाही?

तुम्ही जबान का दिलीत ते मला कळतं. आईच्या दुखण्यात, भर पावसात, पुलाला पाणी लागलेलं असताना भाऊंनी स्वतः गाडी चालवत तिला अकोल्याला नेलं. ते नसते तर आज डबा पाठवायला आई नसती. हे मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. उद्या त्यांच्या घरी कुणाला रक्त लागलं तर रांगेत पहिली मी असेन. वहिनींच्या म्हातारपणी त्यांची उशापायथ्याची सेवा करीन. पण गावाचं पाणी देऊन हा उपकार फेडायचा नाही, बाबूजी. ते पाणी माझं नाही, तुमचंही नाही. सोजरबाईची सावली आपण कुठल्या तोंडानं भाऊंना भेट देणार?

आणि तुमच्या जबानीचं मोल मला ठाऊक नाही असं समजू नका. अकोल्याचा व्यापारी तुमच्या एका फोनवर ट्रक भरतो. मंगरूळपीरच्या बाजारात तुमचं नाव सांगितलं तर अनोळखी माणूस मला खुर्ची देतो. तुमची अवघी कमाई म्हणजे ती जबान, आणि ती उद्या तीन वाजता, माघारीची वेळ संपली की माझ्यामुळे मोडणार आहे. लपवत नाही, भीती वाटते. हरण्याची नाही, तुमची मान खाली जाण्याची. तरीही मी मागे हटणार नाही. काल रात्रभर नाही, गेले आठ दिवस भर दिवसा, दारोदार फिरताना याच एका गोष्टीचा विचार केला आहे आणि प्रत्येक दारात उत्तर तेच आलं. सोजरबाईनंही विचारलं, "मागं सरशीन त आत्ताच सांग बाई, मी उद्यापासून माह्या जागेवर बसतो." तिला म्हटलं, नाही सरणार. आता ती माझी जबान आहे. आणि जबान दिली की फिरवायची नसते हेही तुमच्याच दुकानात शिकले.

दर भाद्रपदात, पर्युषण संपलं की तुम्ही गल्ल्यावरून उठता, आधी सेवादासला हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणता आणि मग घरी येऊन आम्हाला. मी परकर घालायचे तेव्हापासून तुम्ही माझ्यासमोर वाकत आला आहात. पुढच्या भाद्रपदात मी तुमच्यापुढे वाकेन. आवाज चढवला त्याची क्षमा मागेन, आईला न सांगता निघाले त्याची मागेन, या पत्रात काही टोचून लिहिलं असेल त्याचीही मागेन. पण उभी राहिले याची मागणार नाही. ती चूक नाही, आणि जी चूक नाही तिची क्षमा मागणं हे खोटं बोलणं झालं.

एक गोष्ट मात्र मला आजच, लिहिता लिहिता उमगली. हे आठ दिवस तुम्ही मला एकदाही 'मागे घे' म्हणाला नाहीत. घरात असताना रोज समोर बसून जेवलात, भाजी वाढलीत, सोयाबीनचा भाव सांगितलात, पण ते दोन शब्द तुमच्या तोंडून निघाले नाहीत. आडतीवर सगळ्यांसमोर निघाले, घरात माझ्यासमोर नाही. मी त्याला तुमचा राग समजत होते. तो राग नव्हता, नाही का?

तर आता हे पत्र कशासाठी ते सांगते. फोन करता आला असता, पण फोनवरचं बोलणं कुणाला दाखवता येत नाही. उद्या तीननंतर भाऊ दुकानात येतील, चार माणसं घेऊन येतील, आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागेल. म्हणून पाकिटात एक पान मी वेगळं ठेवलं आहे. त्यावर एवढंच आहे, की माझ्या वडिलांनी दिलेला शब्द मला कळला होता, तो पाळणं माझ्या हातात होतं, मी पाळला नाही, दोष संपूर्ण माझा. खाली माझी सही. ते पान भाऊंपुढे ठेवा, म्हणा पोरगी हाताबाहेर गेली. तुमची जबान बाजारात शाबूत राहील आणि मी मनापासून सांगते, मला वाईट वाटणार नाही. नाहीतर ते पान फाडून टाका, आणि जी जबान द्यायचा आपल्याला हक्कच नव्हता ती आपण देऊन बसलो, असं त्यांना तोंडावर सांगा. दोन्हींतलं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. यावेळी मी आत येऊन विचारते आहे. तीन वाजता फक्त शटर ओढू नका. सोजरबाईकडचं तेल संपलंय, मी वाटी घेऊन दुकानात येणार आहे, आणि भाऊ समोर बसले असले तरी मला तेल डब्याच्याच भावानं मोजून द्या.

तुमचीच,
चंदना