पाण्यातली नोकरी

प्रिय ताई,

पाकीट बघून हसशील. शेजारच्या गल्लीत राहतेस आणि मी पोस्टाने पत्र पाठवतेय. पण समोर बसलं की तू आधी माझ्या पायांकडे बघतेस, मग तोंडाकडे, आणि माझं निम्मं बोलणं राहूनच जातं.

मी कामावर परत रुजू झाले, हे तुला कळलंच आहे. पूर्वीसारखीच तलावाच्या उथळ बाजूला, पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांना पोहायला शिकवते. सध्या एक निवृत्त शिंपीकाका आहेत. कठड्याला असे चिकटतात, की बायकोलाच येऊन सोडवावं लागेल असं वाटतं.

एमआरआयनंतर डॉक्टरीणबाईंनी आपल्याला समोर बसवून सगळं समजावलं, तेव्हा तू रुमालात तोंड खुपसून बसली होतीस. म्हणून पुन्हा सांगते. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंभोवती चरबीचं वेष्टण असतं, मायलिन. थरावर थर गुंडाळलेलं, मध्ये मध्ये बारीक फटी. मेंदूचा निरोप या फटीवरून त्या फटीवर उड्या मारत जातो, म्हणून तो क्षणात पायापर्यंत पोचतो. माझ्या शरीराची राखण करणाऱ्या पेशी त्या वेष्टणालाच शत्रू समजून कुरतडतात. मग निरोप रखडतो, कधी वाटेतच विरतो. म्हणून तर डावा डोळा धुरकटला होता आणि अनवाणी चालतानाही पायांत मोजे असल्यासारखं वाटायचं. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे हेच. औषधाने नवे हल्ले कमी होतात, थोडंफार वेष्टण शरीर परत चढवतं. सगळं नाही. हे मला ठाऊक आहे, ताई. मी कुठल्याही भ्रमात नाही.

तू पाणी प्यायला बाहेर गेलीस तेव्हा बाई आणखी एक म्हणाल्या. अंग तापलं की उघडे पडलेले तंतू जास्त अडखळतात, गार झालं की पुष्कळदा सावरतात. तुझ्या तापलेल्या स्वयंपाकघरात ओटा धरून उभी राहणारी मी तलावाच्या गार पाण्यात सरळ चालते. तू मला फक्त ओट्यापाशी पाहिलं आहेस.

परवा व्यवस्थापकांनी बोलावलं. तिकीट खिडकीवर बसा म्हणाले, बसून काम, दगदग नाही. मी म्हटलं, आधी माझा वर्ग बघा, मग बसवा. डॉक्टरीणबाईंची परवानगी टेबलावर ठेवली. शेजारी जीवरक्षक असेल आणि ज्या दिवशी पाय साथ देणार नाहीत, त्या दिवशी मी स्वतः पाण्यात उतरणार नाही, हेही सांगितलं. ते आले, हाताची घडी घालून काठावर उभे राहिले. शिंपीकाकांच्या पाठीखाली मी हात धरला होता, तो हळूच काढून घेतला. काका तरंगत राहिले. कळलं तेव्हा घाबरून बुडाले, नाकातोंडात पाणी गेलं, खोकत उठले आणि म्हणाले, "बाई, परत एकदा." व्यवस्थापकांनी हाताची घडी सोडली. जाताना जीवरक्षकाला एवढंच म्हणाले, "यांच्यासाठी काठावर एक खुर्ची ठेवत जा." खुर्ची मी घेतली. खिडकी नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. माझी पावलं बधिर होतात हे मी त्या ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं. व्यवस्थापकांना मात्र कुठलं पाऊल जास्त, हेसुद्धा माहीत होतं. विचारल्यावर ते ओशाळले. "तुमच्या ताईंचा फोन आला होता." तू मायेनेच केलास, मला शंका नाही. पण परत करू नकोस. उद्या काठी येईल, कदाचित चाकांची खुर्चीही येईल. ती आली की पाणी सोडायचं की नाही हे मी ठरवीन, आणि ठरवलं की सगळ्यांच्या आधी तुला सांगीन. तोवर माझ्या पायांविषयी काही विचारायचं असेल, तर मला विचार.

तुझीच,
न ऐकणारी धाकटी