निमंत्रितांच्या स्पर्धेतला फाऊल

बाबा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदाच तुम्हाला लिहितेय. मागच्या आठवड्यात मुंबईला निमंत्रितांची स्नूकर स्पर्धा झाली. फक्त आठ व्यावसायिक खेळाडू, पात्रता फेरी नाही, थेट बोलावणं. रत्नागिरीच्या क्लबात टेबल सांभाळणाऱ्या मार्करच्या मुलीला!

तुम्ही रोज सकाळी टेबलाच्या हिरव्या कापडावर इस्त्री फिरवायचात, कारण खाऱ्या हवेने ते सर्दावतं आणि बॉल जड पळतो. त्या गरम कापडाच्या वासात मी खेळ शिकले. एका सकाळी मला शॉट दाखवायला तुम्ही वाकलात, डावा पंजा कापडावर टेकवलात, आणि तुमची करंगळी आपोआप थरथरायला लागली. मी हसले. "बाबा, करंगळी नाचतेय तुमची!" तुम्ही हात झटकन उचलून खिशात घातलात. "काय नाय गो, वारा लागला असेल. तू खेळ." दोन वर्षांत तुम्हाला शर्टाचं बटण लावता येईना. पेज मी भरवायची, आणि तुम्ही माझ्या हातांकडे बघत राहायचात. मला वाटायचं, पेज सांडेल म्हणून बघताय.

उपांत्य सामना, शेवटची फ्रेम, मी पुढे. काळा बॉल अगदी सोपा आहे. मी वाकते, पंजा टेकवते, आणि करंगळी हलते. मी हलवलेली नसते. शेजारच्या लाल बॉलला ती लागते, बॉल केसभर सरकतो. पंचांना दिसत नाही. "फाऊल," मी म्हणते. "कुठे?" पंच विचारतात. "माझं बोट लागलं." फाऊल झाला की पाळी जाते. मी खुर्चीत जाऊन बसते, हात मांडीखाली दाबून. प्रतिस्पर्धी मुलीने उरलेले सगळे बॉल घालून सामना जिंकला, पण लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या त्या मला. मग तीच जवळ आली. "ताई, तुमच्याइतकं खरं कुणी खेळत नाही."

इथे परतल्यापासून भेटेल तो हेच म्हणतोय. डॉक्टरांनी कोल्हापूरला तपासणीला जायला सांगितलंय, घरी अजून बोलले नाही. हे पत्रही कुणाच्या हाती पडू द्यायचं नाही, लिहून झालं की फाडीन. तुम्हाला तेवढं सांगते. फाऊल मी खरेपणापायी सांगितला नाही. करंगळी थांबत नव्हती, आणि टेबलापासून लांब जायला मला दुसरं काही सुचलं नाही.