सफरचंदं ओरडली नव्हती, मामा

तीर्थरूप मामांना,

तुमच्या तोंडाळ भाचीचा मनापासून नमस्कार. (साष्टांग घालणार होते, पण कंबर धरली आहे. खाली वाकले तर उठवायला दोन माणसं लागतील, आणि आमचे हे या घटकेला एकटेच दुकानात बटाट्यांची पोती रचताहेत. तेव्हा साष्टांग घातला असं समजा आणि आशीर्वाद देऊन टाका.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? तुम्ही विचाराल, फोन असताना पत्र कशाला? मामा, फोनवर तुम्ही ‘हं’ म्हणता आणि मामींच्या हातात देता. तुमच्याशी आयुष्यात झालेलं माझं सगळ्यात मोठं बोलणं म्हणजे ‘हं, हं, थांब, मामीला देतो’. पत्र मामींच्या हातात दिलंत तरी त्या ते मोठ्याने वाचतील आणि तुम्हाला ऐकावंच लागेल, म्हणून हा खटाटोप.

तर मामींनीच परवा रडत सांगितलं, की तुम्ही बाग तोडायची ठरवली आहे. झाडं कापणारा माणूस येऊन बघून गेला म्हणे, आणि तुम्ही त्याला चहाही पाजलात. डोंगरापलीकडचं ते अणुवीज केंद्र बिघडलं त्याला वर्ष होऊन गेलं, तुमची माती तपासली, पाणी तपासलं, फळं तपासली, सगळं स्वच्छ निघालं, तरी गावाचं नाव ऐकलं की गिऱ्हाईक हात मागे घेतं. दुसऱ्यांदा सगळा माल खड्ड्यात ओतायचा माझ्यात दम नाही, असं तुम्ही म्हणालात. त्या झाडांवर चढून मी लहानपणी किती वेळा पडले असेन! पण आता जरा धीर धरा आणि इकडे काय घडलं ते ऐका. त्या माणसाला तोवर आणखी एक चहा पाजा.

आमच्या गावात या वर्षभरात लोकांनी जी हाय खाल्ली आहे, ती बघून हसावं की रडावं कळत नाही. आधी मीठ संपलं. का, ते कुणालाच माहीत नव्हतं, पण शेजारचा घेतो म्हणून हा घेत होता. मग लोक आले जुन्या डब्यांवर. पूर्वी माल जुना निघाला की आमच्या काउंटरवर भांडणं व्हायची. आता मंडळी डबा उलटा करून तारीख बघतात आणि म्हणतात, अहो, याहून जुना नाही का, अपघाताच्या आधीचा? ह्यांनी माळ्यावरून कधीचे वाटाण्याचे डबे खाली काढले, तर मास्तरांनी (निवृत्त आहेत, पण आवाज अजून वर्गातलाच आहे) खजिना सापडल्यासारखे ते पोटाशी धरले. मी म्हटलं, मास्तर, हे खाल्लंत तर अणूपर्यंत वेळच येणार नाही, आधीच जाल. शेवटी ते डबे मी हिसकावून घेतले आणि फेकून दिले. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण मास्तरांना मी हसले तरी समोरच्या शिवणवाल्या वहिनींना हसणं मला कधी जमलं नाही. बाईंचं सगळं आयुष्य मशीनवर, नवरा बोटीवर, घरात त्या आणि त्यांची चार वर्षांची छकुली. ती पोर आमच्याच दुकानात वाढली म्हणा ना. रोज सकाळी येते आणि सासऱ्यांच्या मांडीवर बसून वजनकाट्याशी खेळते. वहिनी मात्र प्रत्येक वस्तू हातात घेऊन उभ्या राहतात. हे कुठून आलं? ते कुठून आलं? आणि मग परत ठेवतात. पोरीला काय खाऊ घालायचं हेच मला कळेनासं झालंय, असं एकदा त्या माझ्याजवळ बोलल्या आणि डोळे पुसून कोबी न घेताच गेल्या. त्या भित्र्या नाहीत, मामा, एकट्या आहेत.

तुमच्या सफरचंदांच्या दोन पेट्या तुम्ही नको नको म्हणत असताना मी हट्टाने मागवल्या. दरवर्षीसारखी खडूने पाटी लिहिली, ‘मामांच्या बागेतली’. मास्तरांनी सुचवलं की मामांऐवजी काका लिहा, काका कुठे राहतात ते कुणाला ठाऊक नाही. हे लगेच फडकं ओलं करून आले. मी म्हटलं, नवरा बदलेन पण मामा बदलणार नाही. (ते मुकाट्याने आत गेले. नंतर मला जरा वाईट वाटलं, पण फार नाही.)

त्या रागाने असेल किंवा पश्चात्तापाने, ह्यांनी किरणं मोजायचं यंत्र विकत आणलं. साबणाच्या वडीएवढं, किर्र किर्र आवाज करणारं. पहिले काही दिवस घरात जगणं मुश्कील झालं. उशी मोज, झाडू मोज, माझी वेणी मोज. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या दगडाजवळ ते जरा जास्त किरकिरलं. अशा दगडात थोडं असतंच म्हणतात, त्याने काही होत नाही. पण सासूबाईंनी त्याच ओट्यावर सगळा संसार लाटला-शिजवला, त्यांना तो शुद्ध अपमान वाटला. त्यांनी यंत्रालाच विचारलं, तू कोण रे मला शिकवणारा? यंत्र किर्र म्हणालं. तेव्हापासून दोघांचं वैर आहे.

मग ह्यांच्या डोक्यातून कल्पना निघाली. रविवारी सकाळी, भर गर्दीत, सगळ्यांच्या देखत तुमची सफरचंदं मोजायची. यंत्र गप्प राहील, लोकांची भीती जाईल, पेट्या संपतील. मलाही पटलं, खोटं कशाला सांगू? रविवारी मी पेट्या काउंटरवर मांडल्या. सासरे नेहमीप्रमाणे त्यांच्या स्टुलावर बसून एकेक फळ फडक्याने पुसायला लागले (फळ चकाकल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला देत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे). मास्तर सगळ्यात पुढे. वहिनीही आल्या, छकुलीला घेऊन. पोर नेहमीसारखी आजोबांकडे धावली, तर सासरे एकदम उठले आणि हात झटकत ओरडले, लांब हो, लांब हो, माझ्याजवळ येऊ नकोस! पोरीने भोकाड पसरलं. वहिनींनी तिला मागे ओढून घेतलं. घरचा माणूसच माझ्या पोरीला त्या फळांजवळ येऊ देत नाही, असा त्यांनी अर्थ घेतला, आणि त्यांच्या जागी मीही तोच घेतला असता. एवढ्यात ह्यांनी ऐटीत यंत्र सफरचंदावर धरलं.

मामा, काय सांगू! यंत्राने जो शंख केला की विचारू नका. ह्यांनी दुसरं फळ धरलं, तेच. तिसरं धरलं, तेच. लोकांची पळापळ झाली, एकीची चप्पल आमच्याच दारात राहिली, मास्तर रव्याच्या पोत्यामागे बसले. त्या क्षणी मला फक्त तुम्ही दिसत होतात, बागेत एकटे उभे, आणि मनात आलं, म्हणजे खरंच होतं की काय? मग ह्यांनी चवताळून काउंटरवरचं सगळंच मोजायला घेतलं. काड्यापेटी ओरडली. साबण ओरडला. मास्तरांची टोपी खाली पडली होती, तीही ओरडली, आणि पोत्यामागून मास्तर ओरडले.

हे कोडं सोडवलं कुणी, तर यंत्राच्या वैरिणीने. एवढ्या गोंधळात सासरे पाणी प्यायला आत गेले, तर यंत्र एकदम शहाण्यासारखं गप्प झालं. ते बाहेर आले, पुन्हा किर्रर्र. आत गेले, गप्प. सासूबाई कमरेवर हात ठेवून दोन खेपा नुसत्या बघत राहिल्या, मग त्यांनी ह्यांच्या हातातलं यंत्र काढून घेतलं आणि सासऱ्यांच्या छातीला लावलं. त्याच्या आवाजाने फळीवरच्या बरण्या हलल्या म्हणाल तरी चालेल.

सासरे स्टुलावर बसले. मग हळूच म्हणाले, काल मी पत्ते खेळायला गेलोच नव्हतो, इस्पितळात गेलो होतो. महिनाभर जिना चढताना छातीत दुखायचं, म्हणून हृदयाची तपासणी होती. तिथे एक औषध टोचतात, त्यातून किरणं निघतात आणि त्यावर हृदयाचं चित्र दिसतं. एक-दोन दिवसांत ते उतरतं, तोवर लहान मुलांना अंगाशी घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. तुम्ही सगळे आधीच इतके घाबरलेले, आणखी कुठे घाबरवू, म्हणून बोललो नाही. यावर सासूबाई भर दुकानात, लोकांच्या देखत, मोठ्याने रडल्या. ओटा मोजला, झाडू मोजला, माझ्या माणसाचं काळीज कुणी मोजलं नाही, म्हणाल्या. मग त्यांनी सासऱ्यांना इतकं झापलं, इतकं झापलं, की छातीत दुखायचं थांबलं असेल तर तेव्हाच थांबलं असेल. (तपासणीचं उत्तर चांगलं आलं आहे. एक गोळी, रोज चालणं आणि पोती न उचलणं. म्हणून तर माझी कंबर धरली.)

लोक परत आले, हसत हसत. सासऱ्यांची रवानगी माडीवर झाली आणि सफरचंदं पुन्हा मोजली, यंत्र गप्प. मास्तरांना तेवढ्याने पटेना. यंत्र बिघडलं नसेल कशावरून? आजोबांना खाली आणा. सासरे जिन्यावरून आले, किर्र. गेले, गप्प. मास्तरांनी तीनदा करायला लावलं, शेवटी सासूबाईंनीच त्यांना चप्पल दाखवली. हे तर पेट्या विकायलाच निघाले होते, पण वहिनी अजून दारातच उभ्या होत्या आणि मला राहवेना. मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की हे हातातलं खेळणं फळाच्या आतलं खरं सांगू शकत नाही. ते काम बाजारातल्या तपासणी खोलीतल्या जाड शिशाच्या पेटीचं, बाहेरची किरणं अडवून ती फक्त फळ मोजते. मामांनी तिथलं उत्तर पाठवलंय, पण तुमचा विश्वास नसेल तर स्वतःच्या हाताने फळं निवडा आणि स्वतः घेऊन जा. (हे माझ्याकडे असे बघत होते, की जणू मी दुकानच पेटवलंय.)

वहिनी पुढे आल्या. वरची नाही, तळातली फळं उपसून त्यांनी पिशवी भरली आणि गेल्या. दोन दिवस आमच्या घरात कुणाला घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी त्या आल्या, कागद काउंटरवर ठेवला. मोजण्याइतकं काहीही सापडलं नाही, असं त्यावर होतं. त्यांनी एक सफरचंद उचललं, पदराने पुसलं, आधी स्वतः चावा घेतला, बराच वेळ चावत राहिल्या आणि मग छकुलीच्या हातात दिलं. औषध उतरलेलं होतं, पोर आजोबांच्या मांडीवर बसली आणि बियांसकट खाऊ लागली. मी आत जाऊन रडून घेतलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही पेट्या संपल्या, मामा. सगळं गाव सुधारलं असं नाही. अजूनही निम्मे लोक पाटी वाचून पुढे जातात. पण निम्मे थांबतात.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची,
भाची

ता.क. आणखी पेट्या पाठवा, आणि डाग असलेलीही चालतील. मास्तरांना डागाळलेली हवी आहेत, खरी वाटतात म्हणे.

ता.क. दुसरा. ह्यांनी ते यंत्र कपाटात ठेवलं, म्हणून मी देवाचे आभार मानले. आज रक्तदाब मोजायचं यंत्र आणलंय. सकाळपासून माझा तीनदा मोजला आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त भरला.

ता.क. तिसरा. पत्राचं खरं कारण आता लिहिते, वर लिहायचा धीर झाला नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे तुमच्याकडे येतोय, आणि आमच्याबरोबर वहिनीही येणार आहेत, छकुलीला घेऊन. मी बोलावलं नाही, त्यांनीच विचारलं, येऊ का म्हणून. पोरीने सफरचंद झाडाला लागलेलं कधी पाहिलेलं नाही. तेव्हा मामा, एक कराल? शेवटच्या रांगेतल्या एखाद्या झाडाच्या खालच्या फांदीवरची फळं तोडू नका. तिचा हात फार वर पोचत नाही.