डिस्कखालचा हिवाळा

३ नोव्हेंबर, सोमवार

संगणक आत घेईना! नाव टाकलं, पासवर्ड टाकला — पडदा क्षणभर काळा आणि पुन्हा नावच विचारतोय. शेवटी चित्रं-बित्रं सोडून नुसत्या अक्षरांच्या पडद्यावरून आत शिरले, तेव्हा कारण कळलं. जागा शिल्लक नाही. यंत्राच्या आतल्या डिस्कचा मूळ विभाग शंभर टक्के भरलाय.

पण कशानं? तिथे असतं काय — यंत्र चालवणारं लिनक्स स्वतः आणि चार प्रोग्राम. डोंगरातल्या कॅमेऱ्यांचे फोटो तर सगळे बाहेरच्या मोठ्या डिस्कवर जातात. आणि ती अर्धी रिकामी आहे!

ऑफिसचे साहेब झापार बाइके टोपी न काढताच माझ्या मागे येऊन उभे राहिले. "हिमबिबट्यांची मोजणी या महिन्यात बिश्केकला गेली नाही तर पुढच्या वर्षी कॅमेरे विसरा, बुरुल."

"माहीत आहे, बाइके."

"मग?"

"मग आधी तुम्ही माझ्या मागून हला."

हसले आणि गेले. साहेब म्हणून माणूस वाईट नाही, 'बाइके' — दादा — म्हणावं असा. ती एक गोष्ट सोडली तर.

४ नोव्हेंबर

दिवसभर झाडलोट. प्रोग्राम उतरवून घेताना मागे राहिलेली बोचकी काढून टाकली. लिनक्सच्या जुन्या आवृत्त्या पडून होत्या — चालू असलेली ठेवली, तिच्या आधीची एक अडीअडचणीला ठेवली, बाकी काढल्या. यंत्र स्वतःच्या नोंदी लिहीत बसतं, त्या फायली फुगल्या होत्या, त्या छाटल्या. थोडी जागा झाली. आत घेतलं! मोजणीचा प्रोग्राम लावला आणि चहा प्यायला गेले. आले तर तो अर्ध्यात मरून पडलेला.

५ नोव्हेंबर

पुन्हा शंभर टक्के.

६ नोव्हेंबर

बिश्केकला वितालीला फोन केला. हे यंत्र त्यानंच बसवून दिलं होतं. भरभर बोलतो, मला एजे म्हणजे ताई म्हणतो, मध्येच काहीतरी चावत असतो.

"बुरुल एजे, एक सांगतो, काहीही पुसू नका!"

"पुसलं की."

चावणं थांबलं. "काय पुसलंत?"

सगळं सांगितलं. "बरं, एवढं चालतं," म्हणाला. "मलाच भीती वाटली, तुम्ही लिनक्सच पुसलंत की काय."

मग एकेक फोल्डर मोजायला लावला. बाहेरची डिस्क वगळून, फक्त मूळ विभागातले. मोजले. बेरीज केली. परत केली. सगळे मिळून निम्मीसुद्धा जागा भरत नाहीत! आणि यंत्र म्हणतंय, भरलं. मी गणित शिकवलंय शाळेत, माझी बेरीज चुकत नाही.

विताली म्हणाला, असं होतं. एखादी फाइल आपण पुसतो, पण एखाद्या प्रोग्रामनं ती अजून धरून ठेवलेली असते. नाव जातं, जागा सुटत नाही. यंत्र बंद करून चालू करा, हात सुटेल.

७ नोव्हेंबर

बंद केलं. चालू केलं. काही सुटलं नाही.

वरच्या खिंडीत बर्फ पडला. आपांनी गोवऱ्या आत घ्यायला लावल्या. घरात आम्ही सासू-सुना दोघीच, पण आपांना चुलीपाशी डोंगराएवढा ढीग लागतो.

९ नोव्हेंबर, रविवार

साक्तानचा फोन. नवरा रविवारी करतो, रशियातून. थंडी कशी आहे, गाय कशी आहे, आपांचा गुडघा कसा आहे. मी संगणकाचं सांगायला लागले तर म्हणाला, "त्या ऑफिसातलं काही नको सांगूस." बरं, म्हटलं. मग त्यानं गाईचं परत विचारलं.

फोन ठेवल्यावर आपा सुरू झाल्या. "माझा पोरगा खोटं बोलत नाही." मी म्हटलं, "मी कधी म्हटलं, बोलतो म्हणून?" "तू नाही. ते!" — म्हणजे झापार बाइके.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. साक्तान वनरक्षक होता, वरच्या खिंडीतले कॅमेरे त्याच्याकडे. हिवाळाभर घोड्यावरून वर जायचा, बॅटऱ्या बदलायचा, फोटोंची कार्डं घेऊन यायचा. बर्फ वितळायला लागल्यावर सगळी कार्डं ऑफिसात आणली, स्वतः संगणकात भरली, आणि नियमाप्रमाणे कार्डं पुसून पुढच्या फेरीला तयार केली. मोजणीच्या वेळी फोल्डर उघडला — त्या हिवाळ्याचा एक फोटो नाही! साक्तान म्हणे, मी भरलेत. झापार बाइके म्हणे, असते तर दिसले असते. मग कोणीतरी उठवलं की तो वर गेलाच नाही, खिंडीखालच्या चहाच्या टपरीत शेकोटीला पत्ते कुटत बसला होता. एकदा सगळ्यांसमोर बाइकेंनी विचारलं, "टपरीतले बिबटे मोजू का मी?" लोक हसले. साक्तान हसला नाही. घोडा ऑफिसच्या दाराला बांधला, लगाम बाइकेंच्या टेबलावर ठेवला, आणि महिन्याभरात रशियाला.

दोघे शाळेपासूनचे मित्र. एका बाकावरचे.

मी त्याच्या ओल्या मोज्यांचा ढीग चुलीवर वाळवलाय त्या हिवाळ्यात. मला कोणी सांगायची गरज नव्हती. पण मोजे कोणाला दाखवणार?

११ नोव्हेंबर

आज सगळं क्रमानं, सावकाश लिहिते.

सकाळी वितालीनं आपणहून फोन केला. "एजे, रात्रभर तुमची बेरीज डोक्यात होती. बाहेरची डिस्क कुठल्या फोल्डरवर जोडलीय?" "फोटो नावाच्या." "ती सोडवा. आणि मग त्या फोल्डरात बघा. खाली."

खाली? म्हटलं, खाली काय असणार? तो म्हणाला, "डिस्क जोडलेली नसली तरी तो फोल्डर असतोच. साधा, मूळ विभागातला. तेव्हा कोणी त्यात काही टाकलं तर ते तिथेच पडतं. नंतर डिस्क जोडली की ती वर बसते. सतरंजी अंथरल्यासारखी. खालचं जात नाही, फक्त दिसत नाही. मोजताना सापडत नाही. पण जागा खातं."

डिस्क सोडवायला गेले. यंत्र म्हणतं, डिस्क वापरात आहे! कोण वापरतंय? शेजारच्या खोलीत गेले तर झापार बाइके त्यांच्या संगणकावर त्याच डिस्कवरचे रानबोकडांचे फोटो बघत बसलेले. "बघ, बुरुल, शिंगं बघ याची!" म्हटलं, "बाइके, तो बोकड बंद करा." केला. नाराज झाले.

डिस्क सुटली. फोल्डर उघडला. रिकामा असायला हवा होता.

डिसेंबर. जानेवारी. फेब्रुवारी. नावं साक्तानच्या पद्धतीनं — कॅमेऱ्याचं नाव आधी, मग महिना. तो एकटाच असं लिहायचा, बाकीचे उलटं लिहितात.

मी पहिला फोटो उघडला. बर्फ, नुसता बर्फ. दुसरा — साक्तान! कॅमेऱ्यात वाकून बघतोय, दाढीला बर्फ चिकटलेला. पुढे दुसऱ्या कॅमेऱ्यावर पुन्हा तोच, टोपी काढून हलवतोय, चालतोय का बघायला. एका ठिकाणी भाकरीचा तुकडा तोंडात धरून दोन्ही हातांनी बॅटरी बसवतोय. महिना पुढे जाईल तसे गाल आत गेलेले. आणि एका दगडावर, तो गेल्यानंतर थोड्याच वेळानं, बिबट्या. त्याच्या बुटांच्या ठशांना नाक लावून बसलेला.

मी कोणाला हाक मारली नाही. बसून राहिले. मग साक्तानला फोन लावला — बंद. कामावर असेल. निरोप लिहिला: फोटो सापडले. सगळे.

१२ नोव्हेंबर

आज मोठी डिस्क दुसऱ्या फोल्डरवर जोडली आणि आधी काही न पुसता सगळं तिच्यावर आणि आणखी एका डिस्कवर उतरवलं. एकेक फाइल ताडून पाहिली. आणि मगच बाइकेंना बोलावलं.

ते उभ्यानंच बघत होते. तिसऱ्या-चौथ्या फोटोला खुर्ची ओढली. मी वितालीनं सांगितलेलं समजावलं — साक्ताननं भरले त्या दिवशी डिस्क जोडलेली नसावी, वायर सुटली असेल, मागाहून कोणीतरी लावली असेल.

"मी लावली," म्हणाले. "टेबलामागे पडली होती. मला वाटलं झाडताना सुटली. मीच लावली, आणि मीच फोल्डर उघडून म्हटलं, साक्तानचे फोटो नाहीत."

टोपी काढली. पहिल्यांदाच पाहिलं त्यांचं टक्कल.

साक्तानचं उत्तर नाही. निरोप वाचलाय, एवढं दिसतं.

१३ नोव्हेंबर

संध्याकाळी झापार बाइके घरी आले. एकटे, पायी. मी आत वरच्या बाजूला मानाची गादी घातली, तर तिथे बसेनात. दारापाशीच टेकले, नव्या नवरीसारखे.

आपांनी चहा ओतला नाही. "झापार, दार नीट लाव. थंडी येते."

लावलं.

"माझ्या घरात जेवून मोठा झालास."

"हो, आपा."

"माझ्या पोराला टपरीवाला म्हणालास."

"म्हणालो, आपा."

"आता काय म्हणतोस?"

ते म्हणाले, उद्या सगळ्यांना ऑफिसात बोलावतो. ज्यांच्यासमोर बोललो, त्यांच्यासमोरच परत घेतो. फोटो भिंतीवर दाखवतो. त्याची जागा त्याला. "घोडा मी दुसऱ्या कोणाला दिला नाही," म्हणाले. "कसा दिला असता!"

आपांनी तेव्हा चहा ओतला. काठोकाठ. आमच्याकडे पाहुण्याला पेला भरून देतात तो लवकर घालवण्यासाठी. बाइके समजले, आणि निमूट प्यायले. तोंड भाजलं असणार.

जाताना आपा म्हणाल्या, "पोरगा आला की ये. तेव्हा अर्धा पेला देईन."

१४ नोव्हेंबर

मूळ विभागातले फोटो काढून टाकले — उतरवलेले दोन ठिकाणी आहेत याची खात्री केल्यावरच. यंत्रानं जणू पट्टा सैल केला. निम्मी जागा मोकळी! रिकाम्या फोल्डरला कुलूप घालून ठेवलंय, डिस्क जोडलेली नसेल तर आता त्यात कोणाला काही टाकताच येणार नाही. वितालीला सांगितलं तर म्हणाला, "एजे, मला नोकरीवर ठेवा तुमच्याकडे."

मोजणी पूर्ण झाली. दुपारी पाठवली.

सभा झाली. बाइके बोलले. हसलेले लोक खाली बघत होते. भिंतीवर साक्तान टोपी हलवत होता.

१५ नोव्हेंबर

आपांनी साक्तानची मेंढीच्या कातड्याची गादी बाहेर काढून झटकली. आज गुडघ्याचं नाव काढलं नाही. "तिकडून यायला किती दिवस लागतात आगगाडीनं?" सारखं तेच. मीही विचारात — खिडकीच्या फटी बुजवायला हव्यात, त्याला वाऱ्याचा झोत सोसत नाही. दोन वर्षं मी तशीच ठेवली होती खिडकी. दुपारी बुजवली.

१६ नोव्हेंबर, रविवार

साक्तानचा फोन आला. आधी नुसता रडला. खूप वेळ. मग म्हणाला, आता नाही येता येणार, बुरुल. इथे घर झालंय माझं. मुलगी आहे. मार्चमध्ये झाली.

आपा शेजारीच बसल्या होत्या, हात पुढे करून — मला दे, मला दे.

मी मुलीचं नाव विचारलं. सांगितलं त्यानं. चांगलं नाव आहे.

मग फोन आपांना दिला.