माझ्याच घराचं तिकीट

नॉर्थ पेल्टन, व्हरमाँट
१४ ऑक्टोबर, मंगळवार

तीर्थस्वरूप अल्थियावन्संना,

टटलांच्या घरातून तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. (कंबर आता एवढीच वाकते, गोड मानून घ्या.)

तुमचे गुडघे कसे आहेत? ॲरिझोनाला जाताना तुम्ही म्हणाला होतात की तिथल्या कोरड्या हवेत म्हातारी माणसं उड्या मारत हिंडतात. तुम्ही मारता का, ते कळवा. तुमचं नाताळचं कार्ड मिळालं (मार्चमध्ये). छापील शुभेच्छांच्या खाली ‘अल्थिया’ एवढंच लिहिलं होतं, पण अक्षर ठणठणीत दिसलं, त्यावरून प्रकृती बरी असावी असं मी धरून चालले आहे. माझं म्हणाल तर ठीक आहे. कोंबड्या चार उरल्या आहेत. धुराडं साफ करून घेतलं, हिवाळ्याची लाकडं रचून झाली. तुमच्या भावाला, लायमनला जाऊन या सव्वीस तारखेला चार वर्षं होतील, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पत्र लिहायचं कारण असं, की परवाच्या शनिवारी आपल्या घरी दोनशे बारा माणसं येऊन गेली. दचकू नका, कोणी गेलेलं नाही. गावात दरवर्षी या सुमाराला, पानं लाल झाली की, ‘जुन्या घरांचा दौरा’ काढतात. सहा घरं निवडायची, प्रत्येक घरात इथल्या एकेका कलावंताची कामं मांडायची, आणि तिकीट लावून लोकांना फिरवायचं. तुमच्या वेळी हे नव्हतं. तुमच्या वेळी जुनी घरं म्हणजे नवं बांधायची ऐपत नसलेल्यांची घरं होती. आता न्यूयॉर्कची माणसं येऊन ती विकत घेतात आणि बाहेरून काळी रंगवतात. पर्किन्सांचं घर मार्गो हॅलोरन नावाच्या बाईंनी घेतलं आणि असंच आपादमस्तक काळं केलं. मी लांबून पाहिलं आणि आग लागली समजून बंब बोलावला. बंब आलाही. तेव्हापासून त्या बाई मला ‘अगदी अस्सल’ म्हणतात. त्याच दौऱ्याच्या समितीच्या अध्यक्ष आहेत.

एप्रिलमध्ये त्या विचारायला आल्या, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून बसले. वन्सं, तुमच्यापासून काय लपवायचं. मागचा हिवाळा मला जड गेला. बर्फ काढणारा गाडीतूनच हात करतो आणि पुढे जातो. टपालवाली पेटीपर्यंतच येते, आणि ती पेटी रस्त्यावर. फेब्रुवारीत एकदा मोटारीच्या विम्यासाठी कुणाचा तरी फोन आला, त्याच्याशी मी पंचवीस मिनिटं बोलले. मोटार आपण केव्हाच विकली, घरी फक्त लायमनचा जुना ट्रक आहे, हे मी त्याला अगदी शेवटी सांगितलं. फोन त्याने ठेवला, मी नाही. तर अशा परिस्थितीत कोणी दारात येऊन म्हणालं की दोनशे माणसं घर बघायला येतील, तर तुम्ही काय केलं असतंत? (तुम्ही नाहीच म्हणाला असतात. तुमचं वेगळं आहे.)

मग मी कामाला लागले. पडदे धुतले. सासूबाईंच्या निळ्या काठाच्या कपबशा काढल्या. काकवीची बिस्किटं केली, अकरा डझन. आदल्या दिवशी गावात जाऊन केस सेट करून आले, ते विसकटू नयेत म्हणून रात्रभर खुर्चीत बसून झोपले. दार उघडल्यावर काय बोलायचं ते सुद्धा ठरवून ठेवलं होतं. आधी ‘या, या’, मग ‘थंडी पडली, नाही?’, आणि मग माणूस बघून पुढचं.

शनिवारी सकाळी नऊला मार्गोबाई आल्या आणि मला दारात पाहून म्हणाल्या, “डॉर्कस! अहो, तुम्ही अजून घरातच?”

म्हटलं, मग कुठे असणार?

तेव्हा कळलं. दौऱ्याच्या दिवशी घराच्या मालकाने घरात थांबायचं नसतं! दहा ते चार बाहेर जायचं. मालक समोर असला की लोकांना मोकळेपणी बघता येत नाही, कपाटं उघडायला संकोच वाटतो, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या दौऱ्यांत हाच रिवाज असतो म्हणे. मला पाठवलेल्या पत्रकात चौथ्या पानावर लिहिलेलं होतं. (मी पहिल्या पानावरचं ‘आपलं हार्दिक स्वागत’ वाचून थांबले होते.) बिस्किटंही चालणार नव्हती, जुन्या फळ्यांच्या फटीत चुरा जातो म्हणून. त्या फटींत दोनशे वर्षांचा टटलांचा चुरा आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. कोट घातला, अकरा डझन बिस्किटं उचलली आणि गोठ्यामागे ट्रकमध्ये जाऊन बसले.

तिथून स्वयंपाकघराची खिडकी दिसते. तासभर मी माझ्याच खिडकीतून जाणारी माणसं बघत बसले. एक जण आपल्या ओट्याशी उभा राहून आढ्याकडे बघत होता, दोघी हसत होत्या. लायमन गेल्यापासून त्या खोलीत कोणी हसलेलं मला आठवत नाही. शेवटी मला राहवेना. उतरले, पुढच्या बाजूला गेले, टेबलाशी बसलेल्या परगावच्या मुलीकडून चाळीस डॉलरचं तिकीट घेतलं (वयस्करांना पाच डॉलर सूट), बुटांवर त्यांनी दिलेल्या निळ्या कागदी पिशव्या चढवल्या, आणि रांगेत उभं राहून माझ्या घरात शिरले.

घर दाखवायला डॉक्टर व्हिटलॉक होते. निवृत्त दातांचे डॉक्टर आहेत, बॉस्टनहून येऊन स्थायिक झालेत. हातात छोटी बॅटरी, आणि ते घराकडे असं बघतात की आता कुठल्याही क्षणी ‘आ करा’ म्हणतील. मला ओळखत नाहीत. ते म्हणाले, हे घर अठराशे बाराचं, टटल कुटुंबाचं. म्हणाले, “सध्या इथे एक वयस्कर बाई राहतात. एकट्याच असतात. त्यांना माणसं फारशी आवडत नाहीत, म्हणून आज त्या बाहेर गेल्यात.” सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. वन्सं, मीही डोलावली. काय करणार? सगळे डोलावत होते.

मग आम्हाला कोठीत नेलं, आणि आता नीट बसून वाचा, कारण हे तुमच्याबद्दल आहे. कोठीच्या भिंतीवरचे तुमचे पक्षी सापडले आहेत. तुम्ही तेरा वर्षांच्या असताना गोवर आला म्हणून तुम्हाला कोठीत निजवलं होतं, तेव्हा ओटच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून साचा कापून, ताकात गोठ्याचा लाल रंग कालवून तुम्ही बारा पक्षी उठवले होतेत, आणि एकाचा पाय उलटा बसला होता. लायमनने मला ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली आहे की तो गोवर मलाच झाल्यासारखा वाटतो. सासूबाई संतापल्या, तुम्हाला दोन दिवस उपाशी ठेवलं आणि पक्ष्यांवर कागद चिकटवला. आता तुमच्या घरातली रीत तुम्हाला माहीत आहे, टटलांनी आजवर काही फेकलेलं नाही आणि घरात असताना काही विकत आणलेलं नाही. नवा कागद कोण आणणार! त्यांनी माळ्यावरून तुमच्या पणजीच्या सासूच्या काळची उरलेली गुंडाळी काढली आणि तीच लावली. जूनमध्ये मार्गोबाईंनी कोपऱ्यात नख घालून ती सोलली. तज्ज्ञ आले, कागद बघून म्हणाले, हा अठराशे चाळीसचा. मग कागदाखालचे पक्षी त्याच्याही आधीचे, उघडच आहे! गावोगाव हिंडून भिंती रंगवणारा कोणी अनामिक चितारी. त्याचं नावही ठेवलंय, ‘उलट्या पायाचा उस्ताद’. व्हिटलॉकांनी त्या पायावर बॅटरी मारून पाच मिनिटं सांगितलं की ही चूक नाही, जाणीवपूर्वक केलेली खूण आहे. ब्रह्मचारी असावा, असंही म्हणाले. (हे त्यांना पायावरून कसं कळलं, विचारायचं राहून गेलं.) त्यांतल्या एका पक्ष्याचं तोंड हुबेहूब सासूबाईंसारखं आहे, ते मात्र एकाच्याही लक्षात आलं नाही.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. गप्प बसले. का ते पुढे सांगते.

जेवणघरात आपल्या वाट्याचा कलावंत होता, म्हणजे इझोल्डा. जुन्या चीजच्या कारखान्यात राहते, तिशीतली आहे, मुलगी वाईट नाही. तिने आपलं मोठं टेबल बारा जणांसाठी मांडलं होतं. बारा ताटल्या, बारा पेले, बारा रिकाम्या खुर्च्या, बस्स. कलाकृतीचं नाव ‘अनुपस्थिती’. लोक दोरीमागे उभे राहून कुजबुजत होते. कनेटिकटच्या एका बाईंना तर रडू आवरेना, नवऱ्याने बाहेर नेलं. वन्सं, ही कलाकृती मी चार वर्षं दिवसातून तीन वेळा बघते आहे. मला कोणी रुमाल दिला नाही.

तेवढ्यात एक वाजला. मी सकाळपासून उपाशी. घरात माझ्या जेवणाची वेळ एक, आणि सवय ही काय चीज आहे ते तुम्ही जाणता. मी कसलाही विचार न करता स्वयंपाकघरात गेले, कालचे बीन्स गरम केले, पावाची जाड चकती घेतली, दोरी ओलांडली आणि माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसून जेवायला लागले. तिसरा घास तोंडात असताना लक्षात आलं की सगळी खोली माझ्याकडे बघते आहे. तीसेक माणसं दाराशी खोळंबली होती. एक गृहस्थ हळूच बायकोला म्हणाले, “खरी आहे का गं?” ती म्हणाली, “श्श, डोळे मिचकावते आहे.” एवढी माणसं मी जेवताना बघायला माझ्या लग्नातसुद्धा नव्हती. उठून जायला हवं होतं, पण खरं सांगू? उठवेना. मी आणखी बीन्स घेतले.

इझोल्डा धावत आली. आधी पांढरी पडली, मग लाल झाली, आणि मग माझ्यासमोर उकिडवी बसून म्हणाली, “आजी, तुम्ही थांबाल चारपर्यंत?” मी म्हटलं, थांबते की. समोरची खुर्ची ओढून बस म्हटलं, चव बघ. पण तिने मान हलवली. मांडणीत दोन माणसं असली तर अर्थ बदलतो म्हणे. तेव्हा चार वाजेपर्यंत मी एकटीच खात होते. लोकांनी फोटो काढले. मी ‘थंडी पडली, नाही?’ एवढं म्हणून पाहिलं, तर त्यांनी तेही टिपून घेतलं, उत्तर कोणी दिलं नाही.

चारला सगळे गेले. जाताना मार्गोबाईंनी मला मिठी मारली (सकाळी मला बाहेर काढलं होतं ते विसरून) आणि म्हणाल्या, आजवरच्या दौऱ्यांतलं हे सर्वांत गाजलेलं घर. मी दार लावलं. दाराशी निळ्या पिशव्यांचा ढीग पडला होता, तो भरला. बारा ताटल्या धुतल्या, अकरा कोऱ्याच होत्या तरी धुतल्या. घर इतकं शांत मला त्या चार वर्षांतही कधी वाटलं नव्हतं.

असो. फार लांबलं. गुडघ्यांना जपा.

तुमची,
डॉर्कस

ता. क. सोबत काकवीची बिस्किटं तीन डझन पाठवत आहे. बाकीची कोंबड्यांना घालते आहे, पण चार कोंबड्या किती खाणार.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण वर लिहिलंच नाही. मार्गोबाई तुम्हाला पत्र पाठवणार आहेत. टटलांपैकी हयात असलेल्या तुम्हीच थोरल्या, तेव्हा ‘पक्ष्यांवरचा तो कागद आमच्या जन्माआधीपासून भिंतीवर होता’ असं तुम्ही लेखी दिलंत की आपलं घर दरवर्षीच्या यादीत पक्कं होणार. नाही दिलंत तर काढून टाकतील. पक्षी सोडले तर बाकी घर सामान्य आहे, असं त्यांच्या अहवालात आहे. तेवढं खोटं लिहाल का? मी काय मागते आहे ते मला कळतं. त्या पक्ष्यांपायी तुम्ही दोन दिवस उपाशी राहिलात आणि आता ते त्या उलट्या पायाच्या उस्तादाच्या नावावर जातील. पण तुम्ही खरं लिहिलंत तर पुढच्या ऑक्टोबरात इथे कोणी येणार नाही. त्यांनी मला बाहेर काढलं, माझ्याशी बोलले नाहीत, तरी आले होते हो.

ता. क. तिसरा. हे लिहून पाकीट बंद केलं होतं, पुन्हा फोडलं. मार्गोबाईंना काही लिहू नका. पुढच्या महिन्यात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तुम्हीच या. आणि बर्फ वितळेपर्यंत राहा. कोठीत उभ्या राहा आणि हवं त्याला ओरडून सांगा की पक्षी माझे आहेत, आणि पाय मुद्दाम नाही, चुकून उलटा बसला. मग यादीतून आपलं नाव उडालं तरी मला काही वाटायचं नाही. विमानतळावर ट्रक घेऊन येईन म्हणते, पण माझे डोळे आता लांबच्या रस्त्याला भरवशाचे नाहीत, तेव्हा टॅक्सी करा. दार ढकला की उघडतं. मी घरातच असेन.