समुद्राच्या शेवाळाची डबी

माय, आज पार्लरमध्ये रामाकोन्याची ती काकू आली, तुझ्यासंग कापूस वेचायची ती. खुर्चीवर बसली, पदर मागं केला, अन् कानशिलावरची जखम दाखवली. चार महिने झाले म्हणे, खपली धरते, पडते, पुन्हा रक्त येते. तुझी अशीच होती, त्याच जागी.

"पोरीचं लगन हाय वं. तुह्यावाली समुद्राची क्रीम दे. तुही माय वेचताना सांगे, माही पोरगी ऊन बी धुऊन काढते!"

सांगणारच तू. सौंसरात पार्लर टाकलं तेव्हा तुझ्या तोंडी दुसरं काही नव्हतंच. समुद्र तू कधी पाहिला नाहीस. मी डबी उघडून म्हटलं, समुद्रातल्या शेवाळाची आहे, उन्हानं जळलेली कातडी भरून येते, अन् तू डोळे मिटून गाल पुढं केलास. डाग फिके झाले, हे खरं. मग ती जखम आली. अजून डोळ्यापुढं आहे, तू चुलीपाशी भाकरी थापून राहिली आहेस, अन् मी मागून येऊन बोटानं क्रीम लावते. "चरचरते वं," तू म्हणतेस. मी डाफरते, "चरचरते म्हणजे गुण येऊन राहिला. उगी राह्य." अख्खा हिवाळा लावली. मानेत गाठ आली तेव्हा कुठं नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, कातडीचा कॅन्सर आहे, इतके दिवस काय करत होते? लोकांना आजवर सांगते, माय तापानं गेली.

काकूला म्हटलं, आधी पांढुर्ण्याला दवाखान्यात दाखव. ती हसली, "एवढ्याशा फोडाले काय डॉक्टर!" काहून जायचं ते सांगायला तोंड उघडलं, अन् भीतीनं मिटलं. गावभर होईल, पार्लरवालीनं आपल्या मायला मारलं. तिनं फळीवरची डबी स्वतःच उचलली. मी अडवलं नाही.

ती आता लावून राहिली असेल. उद्या सकाळी जाणार आहे रामाकोन्याला, डबी परत घ्यायला अन् सगळं सांगायला. खरं सांगू माय? हे तुला म्हणून लिहायला घेतलं, पण तिच्यासमोर काय बोलायचं तेच कागदावर बोलून पाहून राहिली. तू माफ करशील, तू मायच आहेस. पण "मीच लावत होती" एवढंच तीनदा लिहून खोडलं, तिच्यासमोर तोंडातून कसं निघेल?